दोन आऊट झाले की कढईत सोडा: सोलापुरात बेसबॉल सामन्याला खाण्यापिण्याची सोय कशी लावायची

क्रिकेटच्या सामन्याला वर्षानुवर्षं स्टॉल लावणारा माणूस बेसबॉलला पहिल्यांदा हमखास फसतो. क्रिकेटला गर्दीचा मोठा लोंढा येतो तो जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीला. त्याच्या आधी तासभर हात मोकळा असतो. बेसबॉलला नऊ डाव असतात आणि प्रत्येक डावात प्रत्येक संघ एकदा बॅटिंग आणि एकदा फिल्डिंग करतो, म्हणजे अर्धे डाव अठरा आणि त्यांच्यामधल्या सुट्ट्या सतरा. बॅटिंग करणाऱ्या संघाचे तीन जण आऊट झाले की अर्धा डाव संपतो आणि सुट्टी होते. प्रत्येक सुट्टी दोन-सव्वादोन मिनिटांची. सॉफ्टबॉलला सात डाव असतात, तिथे अशा सुट्ट्या तेरा मिळतात. एवढ्या वेळात माणूस पायऱ्या उतरून येणार, घेणार, पैसे देणार आणि परत जाऊन बसणार. त्यामुळे मेनू ठरवताना आधी घड्याळ बघायचं, चवीचा विचार त्यानंतर.

हिशेब साधा आहे. बांधून ठेवलेलं शेंगांचं पाकीट द्यायला दहा सेकंद लागतात, म्हणजे एका सुट्टीत एका हाताने बारा गिऱ्हाइकं होतात. समोर कालवून द्यायचा पदार्थ चाळीस सेकंद घेतो, म्हणजे तीन गिऱ्हाइकं. पाणीपुरीला तर एकच माणूस अख्खी सुट्टी खातो. शिवाय पार्क स्टेडियमला लागूनच पार्क चौपाटी आहे. चाट खायला सोलापूरकर सामना संपल्यावर तिकडे जाणारच, तेव्हा आत त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

जिथे हा खेळ रुजलाय तिथल्या मैदानांनी हेच गणित आपापल्या पद्धतीने सोडवलंय. अमेरिकेत सालासकट भाजलेल्या शेंगा आणि हॉट डॉग हे सगळ्यात जुने पदार्थ. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर (१९६२) दहा इंची डॉजर डॉग मिळतो, बोस्टनच्या फेनवे पार्कवर (१९१२) फेनवे फ्रँक. सॅन फ्रान्सिस्कोचं मैदान लसूण घातलेल्या बटाट्याच्या फ्राइजसाठी ओळखलं जातं. आइस्क्रीम किंवा नाचोज प्लास्टिकच्या छोट्या हेल्मेटमध्ये देतात आणि पोरं ते हेल्मेट घरी घेऊन जातात. जपानच्या कोशिएन मैदानावर (१९२४) करी-भात खाल्ला जातो आणि पाठीवर बिअरचा पिंप घेतलेल्या मुली पायऱ्यांवरून फिरत पेले भरून देतात. करी-भात सोडला तर बहुतेक सगळं एका हातात धरून, नजर मैदानावर ठेवून खाता येतं. सोलापूरला यासाठी नवं काही शोधावं लागत नाही. शेंगा, शेंगाची पोळी आणि कडक भाकरी आपल्याकडे आहेतच.

जागा आधी, चूल नंतर

आपल्याकडे बेसबॉलचं वेगळं मैदान सहसा नसतं. क्रिकेटच्या गोलात एका टोकाला होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथे उभा राहून खेळतो ती पाटी, आखली जाते. तिथून धावत शिवायचे थांबे म्हणजे बेस. शक्य असेल तर होम प्लेटकडून पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे ठेवतात, म्हणजे बॅटरच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन येत नाही. अशी आखणी असेल तर होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या (पिचरकडे तोंड केलं तर डावीकडच्या) बाजूला बसणाऱ्यांच्या पाठीशी दुपारचं ऊन येतं. प्रेक्षक तिकडेच बसवा आणि त्यांच्या मागे, पश्चिमेला पाठ करून, स्टॉलची रांग लावा. मांडवाची मागची कनात जमिनीपर्यंत सोडली की स्टॉलला सावली मिळते.

फाऊल बॉल ही खरी भीती. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा आणि कडक चामड्याचा असतो. तो बॅटला चाटून मागे किंवा पहिल्या-तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर उडतो, आणि कढईकडे बघणाऱ्याला तो दिसत नाही. तेव्हा उकळतं तेल आणि सिलिंडर जाळीच्या आडोशालाच, तेही जाळीपासून चार-पाच हात मागे, कारण चेंडू आदळला की जाळी फुगते. जाळी फक्त होम प्लेटच्या मागे असेल आणि बाजूंना नसेल, तर बाजूंना पाकीटबंद माल विका, चूल नको.

आणखी एक जागा मोकळी सोडायची: पिचरच्या थेट मागे, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. बॅटरला पांढरा चेंडू त्या पार्श्वभूमीवर दिसावा लागतो. मोठ्या मैदानांवर तेवढा पट्टा मुद्दाम गडद रंगाचा ठेवतात आणि तिथे प्रेक्षक बसवत नाहीत. आपल्याकडे नेमका तिथेच पांढरा मांडव किंवा प्रायोजकाचा चकचकीत फलक उभा राहतो आणि पंच सामना थांबवून तो काढायला लावतात. फलक लावायचाच असेल तर बाजूला सरकवा. धुराचंही तसंच. वारा कुठून येतोय ते सकाळी बघा आणि चूल अशी ठेवा की धूर मैदानात जाणार नाही. एवढ्याच कारणासाठी हुरड्याची आगटी स्टेडियममध्ये नको, मोह कितीही झाला तरी.

परवानगी मैदान ज्याच्या ताब्यात आहे त्याची, आणि खाण्याच्या प्रत्येक स्टॉलला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. नंबर दिसेल असा लावा. प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ यांच्यावर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे पानाचे द्रोण, कागदी पुड्या आणि लाकडी चमचे आधीच घेऊन ठेवा. तारीख ठरवताना जानेवारीचा मधला आठवडा टाळा. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मांडववाले, भांडीवाले, आचारी कोणीच मोकळं नसतं आणि यात्रा भरते त्या होम मैदानाच्या बाजूने गाडी आत आणणं मुश्किल होतं. नोव्हेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर सामना सकाळी सातला सुरू करून साडेदहाला आटोपता येत असेल तरच करा. पुढे ऊन चाळिशी गाठतं आणि दह्या-ताकाचं काही खरं नसतं.

शेंगा: कमी पडतील, उरणार नाहीत

पाचशे प्रेक्षक धरले तर सालासकट खाऱ्या भाजलेल्या शेंगांची शंभर ग्रॅमची दीडशे पाकिटं लागतात. त्यासाठी सतरा किलो वाळलेल्या शेंगा घ्या. मातीच्या, फुटक्या आणि काळे डाग पडलेल्या शेंगा आधी निवडून टाका. बुरशी लागलेला दाणा कडू तर लागतोच, त्यात अफ्लाटॉक्सिन हे विषही असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. निवडण्यात किलोभर माल गेला तर जाऊ द्या.

शेंगा बुडतील एवढं पाणी आणि दर बारा लिटर पाण्याला एक किलो मीठ हे प्रमाण. शेंगा पाण्यावर तरंगतात, म्हणून वर ताट आणि ताटावर दगड ठेवून त्या बुडवाव्या लागतात. इथे आळस केला की वरच्या शेंगा अळणी आणि खालच्या खारट होतात. आठ तास भिजवून निथळा आणि कडक उन्हात दिवसभर पसरा. टरफल कोरडं दिसलं तरी आतला दाणा ओला असतो. एक फोडून बघा, दाणा नखाने दबत असेल तर अजून एक दिवस वाळवा. ओल्या दाण्याच्या शेंगा भाजल्या तर बाहेरून करपतात आणि आतून चिवट राहतात.

भाजायला जाड कढईत वाळू तापवून घ्या आणि एका वेळी दीड-दोन किलोच घाला. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, हात न थांबवता. दाण्याचं लाल साल चोळल्यावर सुटलं की उतरवा, कारण गरम शेंग खाली उतरल्यावरही थोडी भाजत राहते. चाळून पूर्ण गार होऊ द्या, मगच पुड्या बांधा. गरम भरल्या की वाफ आत अडकते आणि दुसऱ्या दिवशी शेंग सादळलेली लागते. हे काम सामन्याच्या आदल्या दिवशीच संपवा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सामना असेल तर ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून द्या, पण त्या त्याच दिवशी संपवायच्या. उरलेल्या उकडलेल्या शेंगा रात्रभर पातेल्यात ठेवल्या की सकाळी बुळबुळीत होतात.

टरफलांचं काय? अमेरिकेतल्या मैदानांवर ती पायाखाली टाकायची रीतच आहे, सामना संपल्यावर झाडून घेतात. आपण तसं करू नये. पार्क स्टेडियमसारखं मैदान क्रिकेटचं आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना तिथेच झाला. वाऱ्याने टरफलं हिरवळीवर गेली तर पुढच्या वेळी परवानगी मागायला तोंड राहत नाही. प्रत्येक पाकिटासोबत एक रिकामी कागदी पुडी द्या. फुकट मिळालेली पुडी लोक वापरतात, कोपऱ्यातली कचरापेटी वापरत नाहीत.

भाकरी, पोळी, भजी

कडक भाकरी हा मैदानावर नाचोजच्या जागी बसणारा पदार्थ. द्रोणात तीस ग्रॅम तुकडे, त्यावर चमचाभर शेंगाची चटणी, दोन चमचे घट्ट दही, बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर. दही देतानाच घालायचं. आधी घालून ठेवलं तर पाच मिनिटांत भाकरी लोळागोळा होते. हा पदार्थ चाळीस सेकंदांचा आहे, म्हणून द्रोणात भाकरी आणि चटणी आधीच भरून ताटात मांडा आणि सुट्टीत फक्त दही-कांदा घाला. मग पंधरा सेकंदांत जमतं. द्रोणांवर पातळ मलमल टाका, कारण फिल्डरच्या धावण्याने आणि वाऱ्याने मैदानाची धूळ येतेच. तुकडे नखाएवढे बारीक नकोत, दोन बोटं रुंद असावेत, नाहीतर चमचा लागतो आणि दुसरा हात अडकतो.

चटणीसाठी किलोभर भाजून सोललेले दाणे, शंभर ग्रॅम लसूण, ऐंशी ग्रॅम लाल तिखट, वीस ग्रॅम जिरं, तीस ग्रॅम मीठ. उखळात तेल सुटेपर्यंत कांडलेली ती खरी. मिक्सर वापरायचाच तर दाणे थोडे थोडे घेऊन थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि चटणीचं पीठ नाहीतर लगदा होतो. लसणाचा ओलावा हाच टिकण्याचा शत्रू, म्हणून लसूण कोरड्या कढईत थोडा परतून घ्या. विकत घ्यायची तर मधला मारुती भागातल्या दुकानांत मिळते. तीन किलो पाचशे माणसांना भरपूर होते. स्टॉलवर ‘या पदार्थात शेंगदाणा आहे’ अशी ठळक पाटी लावा आणि शेंगदाण्याचा चमचा इतर कशात बुडवू नका. ॲलर्जी असलेल्याला तेवढंही भोवतं.

शेंगाची पोळी मात्र इथली राणी. कोरडी असते, सांडत नाही, आठवडाभर टिकते, उन्हाला घाबरत नाही. अर्धा किलो भाजलेल्या दाण्यांच्या कुटाला पावणेचारशे ग्रॅम चिरलेला गूळ आणि चिमूटभर वेलदोडा, यात बारा-चौदा पोळ्या होतात. गूळ ओलसर असेल तर सारण पातळ होऊन लाटताना फुटतं. अशा वेळी थोडं भाजलेलं बेसन मिसळा. पोळी पूर्ण गार करून चार तुकडे करा आणि दोन-दोन तुकडे बटर पेपरमध्ये गुंडाळा. साठ पोळ्या पुरतात. तूप लावायचा मोह टाळा. तेलकट हात पुसायला लोक खुर्चीच वापरतात.

मिरची भजी हवीतच, नाहीतर सोलापूरकर म्हणतील आलो कशाला. अडचण अशी की तीन लिटर तेलाच्या कढईत एका घाण्यात बारा-पंधरा भजी बसतात आणि चार मिनिटं लागतात. म्हणून दोनदा तळायचं. डाव चालू असताना मध्यम आचेवर, साधारण १६० अंशांवर, पिवळट रंगावर काढून जाळीत पसरून ठेवा. कढईवाल्याच्या शेजारी एक माणूस फक्त आऊट मोजायला बसवा. दोन आऊट झाले की त्याने आवाज द्यायचा, आणि १८० अंशांच्या तेलात अर्धकच्ची भजी सोडायची. मिनिटभरात कुरकुरीत होतात आणि तिसरा आऊट पडून लोक खाली येईपर्यंत ताट भरलेलं असतं. कधी तिसरा आऊट लवकर पडतच नाही, फटके बसत राहतात. तेव्हा दुसरा घाणा सोडायचा नाही, आच कमी करून थांबायचं. तेल काळपट झालं, फेस धरू लागलं किंवा धुरायला लागलं की बदलायचं. त्यात नवं तेल ओतून वेळ मारून नेऊ नका.

मांसाहारी स्टॉल लावायचा तर शीक कबाब आणि पाव. हॉट डॉगच्या जागी हाच शोभतो. काउंटर, सुऱ्या, माणसं सगळं वेगळं, आणि पाटी दुरून वाचता येईल अशी. खिमा बर्फाच्या पेटीत पाच अंशांखाली ठेवून लागेल तसाच बाहेर काढा. कबाबाचा मधला भाग ७५ अंशांपर्यंत शिजला पाहिजे, त्यासाठी साधा सुईचा थर्मामीटर मिळतो. पावात घालताना सळई स्टॉलवरच काढून घ्या. टोकदार सळई गर्दीत जाता कामा नये.

पाणी, ताक, सरबत

पाण्याचे वीस लिटरचे वीस जार, आणि ते फुकट. पाण्याला पैसे लावले की पहिल्या तासातच लोक बाहेर जातात आणि तिकडेच खाऊन येतात.

ताक चाळीस लिटर केलं तर दोनशे पेले निघतात. साडेअकरा किलो दही, त्याला अडीचपट पाणी, २४० ग्रॅम मीठ, ८० ग्रॅम भाजलेल्या जिऱ्याची पूड, वाटलेलं आलं-मिरची चवीने. सगळं एकदम घुसळू नका. दही बर्फाच्या पेटीत ठेवून दर दीड तासाला दहा-दहा लिटर करा, नाहीतर शेवटचं ताक आंबट होतं. लिंबू सरबत वीस लिटरला चाळीस लिंबं, दोन किलो साखर, साठ ग्रॅम मीठ. लिंबू पिळून दोन तासांवर ठेवलं तर कडसर होतं. बर्फ भांड्याभोवती रचा, पेल्यात नको. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तरी लादी कुठे ठेवली आणि कशावरून ओढत आणली हे बघता येत नाही.

फेरीवाले आणि पैसे

खरी विक्री स्टॉलवर होत नाही, पायऱ्यांवर होते. पाचशे प्रेक्षकांना चार फेरीवाले पुरतात. लाकडी ट्रे ४५ बाय ३० सेंटीमीटरचा, कडा चार बोटं उंच, गळ्यात दोन इंची नवारीचा पट्टा. सुतळी लावली तर तासाभरात मान कापते. भार सात किलोच्या आत: चाळीस शेंगांची पाकिटं आणि वीस पोळीच्या पुड्या एवढंच. पेल्यातलं ताक ट्रेवर नको. फेरीवाल्याने चेंडू खेळात असताना पायरीवर उभं राहायचं नाही, खाली बसायचं. तो मध्ये उभा राहिला की खेळ दिसत नाही म्हणून प्रेक्षक ओरडतात, आणि त्याची पाठ मैदानाकडे असेल तर फाऊल बॉल त्यालाच लागतो.

भाव दहा, वीस, पन्नास असेच ठेवा. क्यूआर कोड छातीवर लावा, पण गर्दीत नेटवर्क अडकतं आणि पैसे आल्याची घोषणा करणारा डबा गोंगाटात ऐकू येत नाही. त्यासाठी प्रवेशद्वाराशी दहाची कुपनं विकायला दोन माणसं बसवा. कुपनाने सुट्टीतला वेळ निम्मा होतो.

बघायला आणि खेळायला

क्रिकेटवर वाढलेल्या प्रेक्षकाला तीन स्ट्राइकला बॅटर बाद, चार बॉलला त्याला पहिला बेस फुकट, तीन आऊटला अर्धा डाव संपला, एवढं मराठीत वारंवार सांगणारा निवेदक सगळ्यात मोठं आकर्षण ठरतो. खेळ समजला की माणूस थांबतो आणि थांबला की खातो.

चेंडूफेकीचा खेळ सोपा आहे. जाड कापडाला ४३ सेंटीमीटर रुंद (होम प्लेट तेवढीच रुंद असते) आणि ६० सेंटीमीटर उंच भोक पाडा, त्याची खालची कड जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर. मोठ्यांना १८.४४ मीटरवरून, म्हणजे पिचरच्या खऱ्या अंतरावरून, आणि पोरांना आठ मीटरवरून तीन चेंडू. टेनिसचाच चेंडू वापरा आणि मागे जाळी बांधा. सामना संपल्यावर लहान मुलांना चारही बेस पळू द्या. बेसबॉलची ती फेरी ११० मीटरच्या आसपास होते.

फाऊल बॉल अमेरिकेत प्रेक्षकाचा होतो. आपल्याकडे चेंडू महाग आणि मोजके, म्हणून ‘चेंडू परत करा, शेंगांचं पाकीट फुकट’ अशी घोषणा करा. चेंडू परत येतात, आणि झोंबाझोंबीही होत नाही, कारण बक्षीस छोटं आहे.

अमेरिकेतल्या मिलवॉकीला सहाव्या डावाच्या मध्यात सॉसेजचे पोशाख घातलेले लोक शर्यत लावतात. आपण शेंग, भाकरी आणि डाळिंब पळवू शकतो. पूर्ण फोमचा पोशाख उन्हात दहा मिनिटांच्या वर अंगावर ठेवू नका. पुठ्ठ्याचं पुढचं-मागचं चित्र गळ्यात अडकवलं तरी मजा तेवढीच येते.

सातव्या डावाच्या मध्यात सगळे उठून हातपाय ताणतात, त्या सुट्टीत सगळ्यात जास्त विक्री होते. तेव्हा चारही फेरीवाले भरलेले ट्रे घेऊन वर असले पाहिजेत. त्याच्यानंतर तळण बंद. अमेरिकेत बऱ्याच मैदानांवर बिअरही याच सुमाराला थांबवतात. सॉफ्टबॉलला तळण पाचव्या डावानंतर थांबवा. यापुढे फक्त शेंगा, पोळी आणि पेय विका, कारण शेवटचा आऊट पडला की दहा मिनिटांत मैदान रिकामं होतं आणि तळलेला माल तसाच राहतो.

सिलिंडर शेवटपर्यंत उभाच ठेवा, नळी तपासून घ्या, प्रत्येक चुलीजवळ एबीसी पावडरचं अग्निशामक आणि कढईवर बसेल असं झाकण हवं. तेलाने पेट घेतला तर पाणी नाही, झाकण टाकायचं आणि गॅस बंद करायचा. आवरताना तेल गार होईपर्यंत कढई हलवू नका. वापरलेलं तेल डब्यात भरून घेऊन जा, मैदानाच्या गटारात ओतू नका. टरफलांच्या पुड्या वेगळ्या पोत्यात भरा. कोरडी असली तर चुलीला जळण म्हणून लोक आनंदाने घेऊन जातात.